पाय मिटून बस

"पाय मिटून बस. मुलीच्या जातीला शोभतं का हे?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. मोठ्यानं. हॉलमध्ये बसलेल्या त्यांच्या मैत्रिणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी ओट्याजवळ फरशीवर बसले होते. पुढ्यात पोळपाट, हातात कातणं, मांडीशी सारणाचा डबा. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि आम्ही मायलेकी वहिनींच्या घरच्या करंज्या करत होतो. आई तळत होती. मी भरून कातत होते. वय तेरा, इयत्ता आठवी.

मी पाय मिटले नाहीत, कारण ते मिटत नव्हते. डावा मिटायचा. उजवा गुडघा दुमडला की आपोआप बाहेरच्या बाजूला पडायचा. हातानं ढकलून आत आणला तर जांघेत कळ जायची आणि गुडघा ठणकायचा. हात सोडला की पुन्हा बाहेर.

"मिटत नाही, वहिनी."

"मिटत नाही म्हणजे? पाय तुझाच आहे ना?"

हॉलमधल्या बायका हसल्या. वहिनींना हसणं ऐकू आलं आणि त्यांना हुरूप चढला. टेबलावर कुणीतरी आणलेला सुक्यामेव्याचा खोका होता. त्याची सोनेरी रिबीन त्यांनी सोडवली. चांगली रुंद रिबीन, कडेला बारीक तार असलेली. त्या माझ्यासमोर वाकल्या, माझे दोन्ही गुडघे एकत्र दाबले आणि रिबीन गुंडाळून वर फूल काढलं. त्या घरात मी तीन वर्षं येत होते. त्या घरातल्या माणसानं मला पहिल्यांदा हात लावला तो असा.

"या गं, बघा. कशी शहाण्यासारखी दिसते आता!"

चार बायका दारात आल्या. एकीनं मोबाइलवर फोटो काढला. एक म्हणाली, "अगं, लहान आहे, सोड तिला." पण तीही हसत होती. वहिनी म्हणाल्या, "करंज्या संपेपर्यंत सोडायची नाही. सवय लागली पाहिजे."

मी रडत करंज्या भरल्या. आईची पाठ माझ्याकडे होती. तिनं गॅस बारीक केला, झारा हलवला, पुन्हा मोठा केला. ती वळली नाही. ती का वळली नाही हे मला आज कळतं, तरी तिची ती पाठ मी अजून माफ केलेली नाही.

आम्ही ठाण्याजवळच्या दिव्याला राहायचो, अजूनही राहतो. मूळचे चिपळूणकडचे. वडील मी लहान असतानाच गेले. आई घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर डॉक्टरसाहेबांकडे स्वयंपाकाला होती. साहेब ठाण्यातले नावाजलेले डॉक्टर. स्वतःचं हॉस्पिटल, दारात पाटी, पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब. वहिनी वाईट होत्या असं कुणी म्हणणार नाही. जुने कपडे द्यायच्या, सणाला साडी द्यायच्या, माझा अभ्यास विचारायच्या. फक्त आमचे कप सिंकखाली वेगळे असायचे आणि आम्ही फरशीवर बसायचं असायचं. सुट्टी असली की मी आईबरोबर मदतीला जायचे. एका पगारात दोन माणसं, हे वहिनींच्या कधी लक्षात आलं नाही. आईच्याही नाही.

दुखणं सुरू झालं शाळा उघडल्यावर महिन्याभरात. उजवा गुडघा. पडले नव्हते, कुठे आपटले नव्हते. आधी चालून आल्यावर दुखायचा, मग चालताना, मग पायऱ्या चढताना. मी लंगडायला लागले. उजवं पाऊल सरळ पडेना, बाहेर वळून पडायला लागलं. आईनं माझी चप्पल बघितली, एका बाजूनं झिजलेली, आणि म्हणाली, "पाय घासत चालू नकोस. चपला काय झाडाला लागतात?"

मी जाडी होते. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या जाडीच्या आड लपलं. आमच्या भागात पाणी नसलं की टँकर यायचा. वर्गातली मुलं मला टँकर म्हणायची. पीटीच्या सरांनीही तेच नाव उचललं. मी पाय दुखतोय म्हणाले तर म्हणाले, "एवढं ओझं वाहून कुणाचा नाही दुखणार? टँकर, दोन राउंड जास्त." मी मारले राउंड. मैदानाच्या कडेनं, उजवा पाय ओढत. पोरं मागून हॉर्न वाजवत होती.

गणपतीच्या दिवसांत आईनं धीर करून साहेबांना विचारलं. हे ती कधी करायची नाही. साहेब हॉलमध्ये सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. मला हाक मारली गेली. मी दाराशी पायपुसण्यावर उभी राहिले, कारण पुढे गालिचा होता.

"कुठे दुखतं?"

"गुडघ्यात."

त्यांनी मला वरून खाली बघितलं. बस, बघितलं. उठले नाहीत, जवळ बोलावलं नाही, चालून दाखव म्हणाले नाहीत. सोफा ते पायपुसणं, पाच पावलं असतील. तेवढ्या अंतरावरून माझी तपासणी झाली.

"वाढीच्या वयातली दुखणी आहेत ही. वजन कमी कर. वडापाव बंद." मग आईकडे बघून हसले. "तुमच्याकडे पोरांना फार लाडावून ठेवता."

आई हात जोडून हसली. जाताना लिफ्टमध्ये किती खूश होती! एवढ्या मोठ्या डॉक्टरनं बघितलं, तेही फुकट. शेजारणीला सांगितलं, मामाला फोन करून सांगितलं. घरात माझा भात बंद झाला.

आणि इथंच आम्ही चुकलो. आमच्यासारखीच माणसं करतात अशी ही चूक. मी म्हणायचे, "आई, दुखतंय गं, सरकारी दवाखान्यात जाऊया." आई म्हणायची, "साहेबांनी सांगितलंय ना? आता दुसरीकडे गेलो आणि त्यांना कळलं तर काय वाटेल त्यांना? विश्वास नाही असं वाटेल." साहेबांना माझं नावही धड ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी मला विसरलेही असतील. पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून माझी आई तीन महिने मला कुठल्याही डॉक्टरकडे घेऊन गेली नाही. ज्याचं मीठ खातो त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं तिचं इमान. माझा पाय त्या इमानापायी गेला.

दिवाळीच्या त्या दिवशी वहिनींनी रिबीन सोडली आणि घडी करून आईच्या हातात दिली. "घरीही बांधत जा अभ्यासाला बसली की. मुलीची जात आहे."

आईनं बांधली. रोज संध्याकाळी, मी अभ्यासाला बसले की. मी ओरडायचे तेव्हा म्हणायची, "वहिनी काही वाईट शिकवत नाहीत." उजवा गुडघा रिबिनीला ताण देत राहायचा आणि मला जांघेत सुरी फिरल्यासारखं वाटायचं. मला तेव्हा माझ्याच पायाची लाज वाटायची. वाटायचं, मीच घाणेरडी आहे. माझ्यातच काहीतरी बेशरम आहे, म्हणून पाय असा उघडा पडतो. तेरा वर्षांच्या पोरीला असं वाटायला लावणं किती सोपं असतं!

रिबिनीचे तीन आठवडे झाले आणि एका सकाळी पाणी आलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खालून कॅन भरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचे. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर मी उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला, अंगाचा भार त्यावर टाकला आणि आत काहीतरी सरकलं. आवाज आला. मला ऐकू आला. कॅन घरंगळत गेला, मी जिन्यात पडले, आणि उठायला गेले तर पाय माझा नव्हताच. पाऊल बाहेरच्या बाजूला लोळत पडलेलं. मी हलवायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेजारच्या दोघांनी मला चादरीत घालून खाली आणलं. त्याच चादरीत रिक्षात.

सरकारी हॉस्पिटलात गर्दी होती. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कुठे दुखतं. मी इतक्या महिन्यांच्या सवयीनं म्हणाले, "गुडघ्यात." त्यानं कागदावर लिहिलं, उजव्या गुडघ्याचा एक्स-रे. त्यानंही हात लावला नाही. पण त्याच्यामागे चाळीस माणसं उभी होती, पायपुसणं नव्हतं. एवढा फरक मी करते.

एक्स-रेच्या खोलीत एक म्हातारा टेक्निशियन होता. कल्याणच्या खाडीकडचा कोळी, निवृत्तीला आलेला. तिथं सगळे त्याला काका म्हणत होते. त्यानं कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, पावलाकडे. दोन्ही टाचा शेजारी ठेवून बघितल्या. उजवी वर होती.

"कवापासून दुखतं गो पोरी?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून."

"पडायच्या आदी लंगडत व्हतीस?"

"हो."

"बसल्यावर गुडघा भायेर जायाचा?"

मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. मी म्हणाले, "हो. मिटायचा नाही."

त्यानं माझ्या जांघेवर, कमरेच्या जरा खाली, हलकेच बोट टेकवलं. मी किंचाळले. तो म्हणाला, "गुडघा काय न्हाय गो. ह्यो खुबा हाय तुजा." आणि कागद घेऊन तो बाहेर गेला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाला, "लिहिलंय तेवढं काढा ना काका, वेळ नाही." काका म्हणाला, "कमरेचा लिवून द्या, डॉक्टर. तवर मी मशीन लावत नाय." आवाज न चढवता म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. डॉक्टरनं चिडून लिहून दिलं.

अर्ध्या तासात तोच डॉक्टर धावत आला. माझ्या स्ट्रेचरवर हात ठेवून म्हणाला, "हिला अजिबात उभी करू नका. एक पाऊलसुद्धा नाही." साडेचार महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी आईला समजावलं. मांडीच्या हाडाला वर गोल डोकं असतं, ते खुब्याच्या वाटीत बसतं. वाढत्या वयात डोकं आणि हाड यांच्यामध्ये मऊ पट्टी असते, तिथून हाड वाढतं. काही मुलांचं डोकं त्या पट्टीवरून हळूहळू सरकतं, गरम भाकरीवरचा लोण्याचा गोळा कडेला सरकावा तसं. जाड्या मुलांमध्ये जास्त, पण बारीक मुलांमध्येही होतं. दुखतं गुडघ्यात किंवा मांडीत, कारण मज्जातंतूची वाट एकच. म्हणून गुडघ्याचे फोटो निघत राहतात आणि ते चांगले येत राहतात.

"हिचा गुडघा छातीकडे न्यायला गेलं की बाहेर वळायचा का?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "हो. म्हणून तर बांधत होतो."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीच तर खूण असते, बाई. त्या खुणेवरूनच ओळखायचं असतं." मी विचारलं, बांधल्यानं सरकलं का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बांधल्यानं नसेल, चालण्यानं सरकलं. बांधल्यानं फक्त दुखलं. पण तेव्हा कुणी बघितलं असतं तर एक स्क्रू घालून भागलं असतं. पाय होता तसा राहिला असता."

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोकं जागेवर धरायला स्क्रू घातला. दुसऱ्या पायालाही एक घातला, कारण एक सरकला की दुसराही सरकू शकतो. मग कुबड्या. उजव्या खुब्यातल्या डोक्याचा रक्तपुरवठा पडतानाच तुटला होता. वर्षभरात हाड खचत गेलं. आज माझा उजवा पाय दीड इंच आखूड आहे. बुटाला जाड तळ लावते. फरशीवर बसता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. कधीतरी खुबा बदलावा लागणार.

मला वहिनींच्या घराबद्दल सांगायचं आहे, म्हणून तिथं परत जाते.

पाच महिन्यांनी वहिनींनी निरोप दिला, पोरीला कागद घेऊन आण, साहेबांना बघू दे. आई तेव्हा पुन्हा कामावर जायला लागली होती. मी कुबड्यांवर बाविसाव्या मजल्यावर गेले. सोफ्यावर साहेब, शेजारी वहिनी, आणि साहेबांचे कोणी डॉक्टर मित्र चहा पीत होते. साहेबांनी माझी फिल्म घेतली, बाल्कनीच्या काचेशी उजेडाला धरली. मागे खाडी दिसत होती. बघितली, आणि मित्राला म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं यांना, खुब्याचा फोटो काढा. ऐकत नाहीत हे लोक. मग असं होतं."

वहिनी म्हणाल्या, "किती सांगायचं माणसानं!"

आणि माझी आई, जिनं तीन महिने त्यांचा शब्द देवासारखा पाळला, जिनं माझा भात तोडला, ती हात जोडून म्हणाली, "हो साहेब. चुकलंच आमचं."

पाय मोडला तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. मला स्वच्छ दिसलं की हे असंच चालणार. पाय माझा गेला, आता खरंही माझ्याकडून जाणार, आणि तेही आईच्या तोंडून.

मी म्हणाले, "नाही."

सगळे बघायला लागले. आईनं माझा दंड धरला.

"तुम्ही खुबा म्हणाला नव्हता, साहेब. वाढीची दुखणी म्हणालात. वडापाव बंद म्हणालात. मी तिथं पायपुसण्यावर उभी होते. तुम्ही मला हात लावला नव्हता."

साहेबांचे कान लाल झाले. वहिनी उठल्या. "कोणाशी बोलतेस कळतंय का? आधी खाली बस."

"मला खाली बसता येत नाही. आता कधीच येणार नाही."

मी गालिच्यावरून कुबड्या टेकत गेले आणि त्यांच्या सोफ्यावर बसले. साहेबांच्या समोर. उजवा गुडघा नेहमीसारखा बाहेर पडला. मी ओढणी ओढली नाही, हातानं तो आत घेतला नाही.

"आणि पाय मिटत नाही, वहिनी. रिबिनीनं बांधलात तरी मिटला नाही. तो आजार होता. घरात डॉक्टर होते."

तो मित्र डॉक्टर कपात बघत होता. मी फिल्म घेतली, पाकिटात घातली आणि निघाले.

लिफ्टचं दार लागल्यावर आईनं माझ्या कानाखाली मारली. कुबड्या पडल्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. ती रडत म्हणाली, "गेलं ना काम!" गेलंच. दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावलं नाही. आठ दिवस आई माझ्याशी बोलली नाही. पुढे ठाकुर्लीला एका कॅन्टीनमध्ये लागली. आजही विषय निघाला की म्हणते, "खरं होतं गं, पण बोलायची काय गरज होती?" तिला मी समजावत नाही. आमचं त्यावर कधी जुळणार नाही.

मी शिकले. आज कल्याणच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. त्या काकाचीच नोकरी. काका आता नाही. काकाचं बोट कुठे टेकलं होतं ते मला झोपेतही दाखवता येईल.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. बारा वर्षांची, अंगानं भरलेली, दिव्याचीच. कागदावर गुडघा. आई सोबत, चेहऱ्यावर तीच माफी मागितल्यासारखी कळा. पोरगी लंगडत आत आली, पाऊल बाहेर. मी तिला आधी खुर्चीत बसवलं, चालू दिलं नाही. ती बसली आणि उजवा गुडघा बाहेर गेला. तिची आई चटकन म्हणाली, "अगं, नीट बस. लोक बघतात."

मी म्हणाले, "ताई, तिला तसंच बसू द्या."

कागद घेऊन मी डॉक्टरकडे गेले. नवा आहे, हुशार आहे, घाईत असतो. "कमरेचा लिहून द्या, दोन्ही बाजूंचा."

"तुम्ही डॉक्टर आहात का, मॅडम?"

"नाही. मी ती मुलगी होते."

"लिहिलंय तेवढं काढा."

मी मशीन लावलं नाही. त्याच्या दारात उभी राहिले. बाहेर रांग वाढली, लोक ओरडायला लागले, त्यानं वर तक्रार करीन म्हणून सांगितलं. मी करा म्हणाले. वीस मिनिटांनी तो उठला, आला, तिचा गुडघा धरून छातीकडे नेला. गुडघा बाहेर वळला. त्यानं लिहून दिलं. डोकं सरकलं होतं. थोडंच. तिला एक स्क्रू पुरला.

माझ्यावर तक्रार झाली. लेखी समज मिळाली, तुमच्या कामाच्या बाहेर जाऊ नका. मी सही केली आणि त्याच सहीखाली लिहिलं, जाणार.

तर डॉक्टर, तुम्ही कितीही मोठे असा. तेरा वर्षांचं पोर गुडघा दुखतो म्हणत लंगडत आलं, तर खुर्चीतून उठा. हात लावा. खुबा फिरवून बघा. तुम्ही उठला नाहीत तर मी तुमच्या दारात येऊन उभी राहीन, आणि तुम्ही उठेपर्यंत हलणार नाही.

आणि मी बसेन तेव्हा माझा पाय पडेल तसा पडेल. कुणाला बघवत नसेल त्यानं दुसरीकडे बघावं.